इंग्रजी-फारसी शिकलेला मराठी कवी : माधव ज्यूलियन (डॉ. माधव त्रिंबक पटवर्धन)



गेल्या जूनमध्ये एका माजी विद्यार्थिनीची आई शाळेत भेटायला आली. मुलगी बारावी झालेली, मार्क बरे पडलेले, आणि तिला बी.ए.ला इंग्रजी साहित्य हा मुख्य विषय घ्यायचा होता. घरात त्यावरून दोन तट पडले होते. वडिलांचं म्हणणं, कविता-कादंबऱ्या वाचून पोट कसं भरणार. आजोबांचं दुखणं वेगळंच. पोरगी तीन-चार वर्षं इंग्रजी पुस्तकांत बुडाली की मराठीची राहणार नाही, अशी त्यांना धास्ती. मी पडलो प्राथमिकचा डी.एड. मास्तर. बी.ए. इंग्रजीनंतरच्या नोकऱ्यांबद्दल मी काय सांगणार? पण आजोबांच्या शंकेवर मला लगेच एक माणूस आठवला, आणि तो आपल्याच गावात अकरा वर्षं राहून गेलेला. त्या बाईंना मी जेवढं तोंडी सांगितलं ते इथं नीट लिहून काढतो आहे. वर्गात कविपरिचय देताना आपण या कवीला दोन ओळींत गुंडाळतो. जन्म, मृत्यू, काव्यसंग्रह, संपलं. निदान शिक्षकांना तरी त्याहून जास्त माहीत असावं असं वाटतं.

हा कवी म्हणजे माधव ज्यूलियन. 'प्रेमस्वरूप आई' ही त्यांची कविता आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असते. मराठी भाषा दिनाला शाळाशाळांतून मायबोलीवरचं जे गीत म्हटलं जातं तेही त्यांचंच. मुलं नाव वाचतात आणि विचारतात, सर, हे ख्रिश्चन होते का? नव्हते. खरं नाव माधव त्रिंबक पटवर्धन. जन्म २१ जानेवारी १८९४, बडोद्याचा.

बडोदा म्हणजे तेव्हा सयाजीराव गायकवाडांचं संस्थान. मराठी राजा, गुजराती प्रजा, कॉलेजात इंग्रजी शिकवण, आणि जुन्या दरबारी कागदांत फारसी. एवढ्या भाषा कानावर पडत असलेल्या गावात हा मुलगा वाढला. शिक्षण बडोदा कॉलेजात आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झालं. (बडोदा कॉलेजात काही वर्षं आधी अरविंद घोष इंग्रजी शिकवत असत, हे जाता जाता.) माधवरावांनी विषय घेतले फारसी आणि इंग्रजी. त्या काळात इंग्रजीच्या जोडीला बहुतेक मराठी मुलं संस्कृत घेत, फारसी घेणारा विरळा. १९१८ साली ते एम.ए. झाले.

त्या वेळच्या साहित्याच्या अभ्यासाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आज आपण इंग्रजी मिडियम आणि मराठी मिडियम असे दोन कप्पे करून विचार करतो. तेव्हा तसा प्रश्नच नव्हता. कॉलेज म्हटलं की शिकवणं इंग्रजीतूनच, मग विषय इतिहास असो की तर्कशास्त्र. कवितेची गोडी लागलेला मुलगा शेक्सपियर, वर्ड्‌स्वर्थ, शेली, कीट्‌स वाचून बाहेर पडे आणि घरी येऊन मराठीत लिही. केशवसुतांनी इंग्रजीतली चौदा ओळींची कविता मराठीत आणली ती याच वाटेनं. इंग्रजी शिकल्यामुळे मराठी सुटली असं त्या पिढीबद्दल म्हणता येत नाही. उलट मराठी कवितेचे नवे साचे बरेचसे इंग्रजीच्या वर्गातूनच आले. मात्र हे सगळं आपोआप झालं असंही नाही. माधवरावांचंच आयुष्य पाहिलं तर भाषांची ही ओढाताण त्यांना शेवटपर्यंत पुरली.

ज्यूलियन हे नावच बघा. इंग्रज कवी शेली याची 'ज्यूलियन आणि मॅडॅलो' नावाची दीर्घ कविता आहे. व्हेनिसमध्ये दोन मित्र घोड्यावरून फिरतात, वाद घालतात. ज्यूलियन म्हणजे शेली स्वतः, आणि मॅडॅलो म्हणजे त्याचा मित्र कवी बायरन. ज्यूलियनचं मत असं की माणसानं ठरवलं तर तो स्वतःला बदलू शकतो. मॅडॅलो हसून म्हणतो की तसं काही नसतं. मग ते दोघे वेड्यांच्या इस्पितळात जाऊन प्रेमभंगानं मोडून गेलेल्या एका माणसाला भेटतात, आणि वाद तसाच लोंबकळत राहतो. या ज्यूलियनवरून माधवरावांनी टोपणनाव घेतलं असं सांगितलं जातं. पुढे त्यांच्या बाबतीत जे झालं ते पाहिलं की हे नाव फारच नेमकं वाटतं.

एम.ए. होताच ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फारसीचे प्राध्यापक झाले. १९१८ ते १९२४ अशी सहा वर्षं. पुण्यातल्या या काळात १९२३ साली रविकिरण मंडळ सुरू झालं. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर अशी मंडळी दर रविवारी जमायची, चहा व्हायचा आणि एकमेकांना कविता ऐकवायच्या. बास, एवढंच. पण यातून मराठीत एक मोठी गोष्ट घडली. हे कवी आपल्या कविता लोकांसमोर चालीवर म्हणून दाखवू लागले आणि सुशिक्षित घरांत कविता ऐकायची सवय लागली. टीकाही भरपूर झाली. आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' मध्ये या मंडळींची जी यथेच्छ टिंगल केली ती आजही वाचताना हसू येतं. माधव ज्यूलियन यांचे फारसी शब्द आणि प्रेमाची भाषा हे तर विडंबनाला तयार गिऱ्हाईकच होतं.

आणि मग फर्ग्युसन सुटलं. एका विद्यार्थिनीशी त्यांचा स्नेह होता, त्यावरून पुण्यात चर्चा झाली, प्रकरण वाढलं आणि त्यांना कॉलेज सोडावं लागलं. त्या गोष्टीत आज आपण न्यायाधीश होण्यात अर्थ नाही. शिक्षक आणि विद्यार्थिनी यांच्यातली मर्यादा हा आपल्या पेशातला नाजूक विषय आहे आणि मी स्वतः त्याबाबत कडक मताचा आहे. पण त्या काळच्या पुण्यात चूक आणि कुजबूज यांच्यातली रेषा फार पातळ होती, हेही खरं. तिशीतला माणूस, विद्वान म्हणून नाव झालेलं, आणि हातातली कॉलेजची नोकरी गेलेली.

पुढची तीन-चार वर्षं पाहा. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश छापून आला. १९२६ साली 'विरहतरंग' हे खंडकाव्य आलं, कॉलेजातल्या तरुणाच्या प्रेमाची आणि ताटातुटीची ती गोष्ट.  इथं वह्या-पुस्तकं घेऊन जाणारी, परीक्षेला बसणारी माणसं नायक-नायिका झाली. आणि १९२७ साली 'छंदोरचना' हा ग्रंथ आला. कॉलेज सुटलेल्या, बदनाम झालेल्या माणसानं एवढ्या वर्षांत एक कोश, एक काव्य आणि एक शास्त्रग्रंथ लोकांसमोर ठेवला.

त्यातला कोश हे फार कष्टाचं काम. शिवकालातली आणि पेशवाईतली मराठी पत्रं आपण इतिहासाच्या पुस्तकात बघतो, त्यात ओळीओळीला फारसी शब्द असतात. ते समजल्याशिवाय तो काळ समजत नाही. आपल्या रोजच्या बोलण्यातही बघा. शाई, कागद, दप्तर, हजेरी, जमीन, बाजार, दुकान, शिफारस, हे शब्द फारसीतून किंवा फारसीच्या वाटेनं अरबीतून आले. आपल्या शाळेची अर्धी भाषा तिथली आहे! एकदा वर्गात दप्तर हा शब्द बाहेरून आलाय असं सांगितल्यावर एका मुलानं विचारलं, मग आधी पुस्तकं कशात आणायचे? उत्तर द्यायला मला वेळ लागला.

१९२८ साली त्यांना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसीच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, आणि त्याच वर्षी लग्न झालं. पत्नी लीलाबाई. शाहू महाराज जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, गादीवर राजाराम महाराज होते. कॉलेज भवानी मंडपाजवळ भरायचं आणि परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या असायच्या, कारण आपलं शिवाजी विद्यापीठ निघायला १९६२ साल उजाडायचं होतं. प्राचार्य होते इतिहासकार डॉ. बाळकृष्ण. कादंबरीकार ना. सी. फडके याच कॉलेजात शिकवत होते. विचार करा, एकाच आवारात एका वर्गात फडके आणि दुसऱ्यात माधव ज्यूलियन. पुण्यानं ज्याला ठेवून घेतलं नाही त्याला करवीर संस्थानानं जागा दिली. कोल्हापूरकर म्हणून मला याचा थोडा अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

इथं आल्यावर कामाचा नुसता सपाटा. 'सुधारक' १९२८ साली, 'नकुलालंकार' १९२९ साली, ही दोन्ही उपरोधिक खंडकाव्यं. १९३३ साली 'गज्जलांजलि', १९३४ साली 'स्वप्नरंजन'. पण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते त्यांचं उमर खय्यामचं प्रकरण. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं ते समजून घ्यावं.

उमर खय्याम हा इराणातला गणिती आणि कवी, साधारण नऊशे वर्षांपूर्वीचा. चार ओळींच्या त्याच्या कवितांना रुबाया म्हणतात. १८५९ साली फिट्झजेराल्ड नावाच्या इंग्रजानं त्यांचं इंग्रजी रूपांतर छापलं. आधी कुणी विचारलं नाही, नंतर ते जगभर गाजलं. आता गंमत अशी की फिट्झजेराल्डनं शब्दाला शब्द ठेवला नव्हता. दोन-तीन रुबाया एकत्र कर, काही गाळ, काही आपल्याकडून घाल, आणि सुट्या कवितांची एक सलग माळ कर, असं त्याचं काम. म्हणजे मूळ फारसी खय्याम एक, आणि इंग्रजी खय्याम निराळाच. मराठी वाचकापर्यंत आला तो बहुतेक इंग्रजीतून. माधवरावांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी काय केलं असेल? १९२९ साली मूळ फारसीवरून रुबायांचं भाषांतर काढलं. आणि दोनच वर्षांनी, १९३१ साली, फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून 'द्राक्षकन्या' हे वेगळं पुस्तक काढलं. पुढे 'मधुलहरी' या नावानं आणखी एक रूपांतर. एकाच कवीपाशी तीनदा जाणं! फिट्झजेराल्ड खोटा आणि मूळ तेवढं खरं, असं म्हणून त्यांनी इंग्रजी पुस्तक बाजूला टाकलं नाही. ते भाषांतर राहिलेलं नाही, ती स्वतंत्र इंग्रजी कविता झालेली आहे, म्हणून तिचंही मराठी स्वतंत्रपणे करायला हवं, असा त्यामागचा हिशेब दिसतो. साहित्याचा अभ्यास म्हणजे काय, हे मला डी.एड.च्या कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं ते या दोन पुस्तकांच्या तारखांवरून कळलं.

गझलेचंही तसंच. आज सुरेश भटांमुळे गझल हा शब्द घराघरात माहीत आहे, पण मराठीत गझलेचे साचे मुद्दाम, शिस्तीनं आणले ते माधवरावांनी. गझलेत दोन-दोन ओळींचे शेर असतात, दर शेराच्या शेवटी तेच शब्द परत येतात आणि त्यांच्या आधी यमक जुळतं. खरं तर प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहायला हवा. माधवरावांच्या गज्जला बऱ्याचदा एकाच भावनेच्या सलग कविता होतात, म्हणून पुढच्या गझलकारांनी त्यांना खरी गझल मानलं नाही. तक्रार बरोबर आहे. पण ज्या वृत्तांवर पुढच्यांनी इमारत बांधली ती वृत्तं मराठी कानांना कुणी ऐकवली होती?

आता 'छंदोरचना' बद्दल. हा भाग शिक्षकांनी सावकाश वाचावा, कारण वर्गात उपयोगी आहे.

लघु आणि गुरू आपण शिकवतो. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ किंवा जोडाक्षराच्या आधीचं आघात घेणारं अक्षर गुरू. तीन-तीन अक्षरांचे गण, यमाचा म्हणजे य गण, मानावा म्हणजे म गण, हेही पाठ करून घेतो. मुलं पाठ करतात आणि विसरतात. माधवरावांनी मराठी कवितेचं सगळं भांडार समोर घेतलं. ज्ञानेश्वरांच्या ओवीपासून स्त्रियांच्या गाण्यांपर्यंत, पंडित कवींच्या श्लोकांपासून आपल्या काळातल्या कवितेपर्यंत. मग त्याचे तीन मोठे गट पाडले. ज्यात लघु-गुरूंची जागा ठरलेली ती वृत्तं. ज्यात मात्रांचा हिशेब ती जाती. ज्यात नुसती अक्षरं मोजायची ते छंद, म्हणजे ओवी आणि अभंग. जातींमध्ये ताल किती मात्रांनी परत येतो त्यावरून त्यांनी नावं ठेवली, आणि ती नावं म्हणजे कोडी आहेत. सहा मात्रांनी फिरणारी ती भृंगावर्तनी, कारण भुंग्याला सहा पाय. सात मात्रांची अग्न्यावर्तनी, कारण अग्नीला सात जिभा. आठ मात्रांची पद्मावर्तनी, कारण आठ पाकळ्यांचं कमळ. पाच मात्रांची हरावर्तनी, कारण शंकराला पाच मुखं. चौथीच्या वर्गात मी हे टाळ्यांवर घेतो. सहाच्या तालाला मुलं भुंगा म्हणतात, आठाच्या तालाला कमळ. मात्रा हा शब्दही न उच्चारता त्यांना फरक कळतो. पुढे सातवी-आठवीला व्याकरणाचे शिक्षक नाव सांगतील तेव्हा सांगतील.

दोन भाषांतली कविता कानात असल्याचा फायदा कसा होतो, त्याचं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. लघु गुरू गुरू, असं चारदा. लगागा लगागा लगागा लगागा. फारसीत मुतकारिब नावाचं वृत्त आहे, त्याचंही एकक नेमकं हेच, लगागा. फिर्दौसीचं 'शाहनामा' हे इराणचं महाकाव्य त्याच चालीत आहे, फक्त ओळीच्या शेवटी एक अक्षर कमी. म्हणजे सज्जनगडावरचा श्लोक म्हणणारा मुलगा आणि इराणातला शाहनामा म्हणणारा मुलगा जवळजवळ एकाच ठेक्यावर डोलतात. नुसतं मराठी येणाऱ्याला हे दिसणार नाही, नुसतं फारसी येणाऱ्यालाही नाही.

१९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९३७ साली 'छंदोरचना' ची वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि त्या ग्रंथाबद्दल १९३८ साली मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. मराठीतल्या कामासाठी त्या विद्यापीठानं दिलेली ही पहिली डी.लिट. पदवी मिळवणारा माणूस मराठीचा प्राध्यापक नव्हता. पोटापाण्यासाठी फारसी शिकवत होता आणि एम.ए. होता इंग्रजी-फारसीतला. आजोबांना सांगण्यासारखी गोष्ट ती हीच.

पण इथं थांबलो तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण याच कोल्हापूरच्या वर्षांत माधवराव स्वतःच आजोबांच्या बाजूला गेले!

झालं असं. सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ तेव्हा जोरात होती. मराठीत घुसलेले फारसी, अरबी, इंग्रजी शब्द काढून स्वतःचे शब्द वापरावेत, असा आग्रह. याला जुना आधारही होता, शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता तो. माधवरावांना हे पटलं, आणि नुसतं पटलं नाही तर ते त्याचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक लिहिलं. ज्यांनी फारसी-मराठी कोश केला, मराठीत गझल आणली, ज्यांच्या कवितेतल्या फारसी शब्दांची अत्र्यांनी टिंगल केली, तेच आता फारसी शब्दांना दार दाखवत होते. सकाळी कॉलेजात फारसी शिकवायची आणि घरी येऊन मराठीतले फारसी शब्द खोडायचे. लोकांनी नावं ठेवली असणारच.

बरं, दुसऱ्यांना उपदेश करून ते थांबले नाहीत. आपल्या जुन्या कविता नव्या आवृत्तीसाठी हातात घेतल्या आणि त्यातले परके शब्द काढून तिथं संस्कृत-मराठी शब्द बसवले. वृत्त सांभाळून! वृत्तात एक शब्द बदलायचा म्हणजे कधी कधी पूर्ण ओळ पाडून बांधावी लागते. या कामाचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. स्वतःच्या तत्त्वासाठी स्वतःचीच कविता कापणारे लोक फार नसतात. पण खरं सांगू का, मला त्यांचे जुने पाठच जास्त जिवंत वाटतात. मनात आलेला पहिला शब्द आणि नंतर नियमानं बसवलेला शब्द यांत फरक राहतोच. वर्गातही हे होतं. मुलानं निबंधात लिहिलेला घरचा शब्द खोडून आपण प्रमाण शब्द घालतो, आणि निबंध शुद्ध होतो, पण तो त्या मुलाचा राहत नाही. माझ्या या मताशी अनेक जण सहमत होणार नाहीत. आमच्या स्टाफरूममध्येच यावरून दोनदा वाद झालाय. आपण सगळेच रोज दिनांक, क्रमांक लिहितो, तेव्हा त्या चळवळीचं ऋण नाकारता येत नाही, असं आमचे एक सहकारी म्हणतात, आणि तेही चूक नाही.

त्याच १९३८ साली 'तुटलेले दुवे' हे त्यांचं सुनीतांचं काव्य आलं. सुनीत म्हणजे तीच चौदा ओळींची इंग्रजी कविता. शब्द शुद्ध मराठी करायचे, पण साचा इंग्रजीच ठेवायचा. परक्या शब्दांना हद्दपार करणाऱ्या कवीनं परका आकार मात्र शेवटपर्यंत सोडला नाही. साचा आणि शब्द यांत ते फरक करत असावेत. त्यांच्या मनात नेमकं काय होतं यावर जाणकारांनी लिहावं.

२९ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. वय पंचेचाळीस. डी.लिट. मिळून जेमतेम एक वर्ष झालेलं. त्याच वर्षी मर्ढेकरांचा 'शिशिरागम' हा पहिला संग्रह निघाला, आणि त्यात माधव ज्यूलियन यांची छाया स्पष्ट दिसते. मर्ढेकरही इंग्रजी साहित्याचे. कोल्हापुरात शिकलेले विंदा करंदीकर मुंबईच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवत शिकवत मराठीतले मोठे कवी झाले आणि ज्ञानपीठापर्यंत गेले. ही यादी बरीच लांबवता येईल.

लीलाबाईंनी पुढे 'आमची अकरा वर्षे' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. अकरा वर्षं म्हणजे १९२८ ते १९३९, त्यांच्या संसाराची, आणि तीच माधवरावांच्या कोल्हापूरची. मराठीत थोरामोठ्यांच्या पत्नींनी लिहिलेल्या आठवणी बऱ्याच आहेत. हे पुस्तक वेगळं वाटतं कारण यात नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. मोठ्या विद्वानाबरोबर रोज एका घरात राहणं काय असतं, ते एका बाईनं मोकळेपणानं लिहिलं आहे. माधवरावांच्या कवितेतली प्रेयसी वाचल्यावर हे पुस्तक वाचावं, म्हणजे कागदावरचं प्रेम आणि घरातलं प्रेम शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

त्या मुलीच्या आईला मी इतकं सगळं सांगितलं नाही. शाळा सुटायची वेळ झाली होती आणि त्यांना कसबा बावड्याची बस धरायची होती. जाताना त्यांनी पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं, आजोबांसाठी. मुलीनं त्या आठवड्यातच प्रवेशाचा अर्ज भरला. दिवाळीच्या सुट्टीत ती भेटायला आली तेव्हा तिच्या वहीत एका बाजूला शेलीच्या कवितेची टिपणं होती आणि दुसऱ्या बाजूला आजोबांच्या अक्षरात लगागा लगागा असं पानभर लिहिलेलं होतं.